शाळेच्या ग्रंथालयाचे फर्निचर: आधी मोजणी, मग कोटेशन

निधी मंजूर झाल्याचे पत्र येते आणि दोन दिवसांत कोणीतरी कॅटलॉग घेऊन मुख्याध्यापकांसमोर बसलेला असतो. ग्रंथालयाच्या फर्निचरची गडबड बहुतेक शाळांत इथूनच सुरू होते. पुस्तके किती, मुले किती, खोली केवढी हे विचारायचे राहून जाते आणि ‘एवढ्या रकमेत किती कपाटे बसतील’ एवढाच हिशेब होतो. मग साडेसहा फुटी कपाटे येतात. पाचवीच्या मुलाचा हात वरच्या दोन कप्प्यांना लागत नाही, एक खिडकी कायमची झाकली जाते आणि विश्वकोशाचे खंड उभे मावत नाहीत म्हणून आडवे टाकावे लागतात.

खालचे टप्पे एका वर्गखोलीएवढे, साधारण २० बाय २५ फुटांचे ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. शाळा पाचवी ते दहावीची, पुस्तके दोन-अडीच हजार. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घाला. क्रम मात्र बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्यात निघणारा आकडा पुढच्या टप्प्यात लागतो.

टप्पा १: पुस्तकांची मोजणी

दाखलनोंदवहीतला शेवटचा क्रमांक म्हणजे तुमची पुस्तके नव्हेत. फाटलेली, वाळवीने खाल्लेली, अभ्यासक्रम बदलल्याने निरुपयोगी झालेली मार्गदर्शके आधी बाजूला काढा आणि त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करा. बाद होणाऱ्या पुस्तकांसाठी नवे रॅक घेऊ नयेत. ग्रंथालयात रचून ठेवलेले मोफत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे, जुने परीक्षेचे पेपर आणि स्नेहसंमेलनाचे सामान यांचाही हिशेब यात धरू नका. ते भांडारात गेले पाहिजे. ते आज ग्रंथालयातून हलले नाही, तर नव्या फर्निचरच्या पहिल्याच आठवड्यात दोन कप्पे त्याचेच होतील.

उरलेल्या पुस्तकांचे तीन ढीग करा:

- साधी बांधणीची पुस्तके: कथा, कादंबऱ्या, चरित्रे, विज्ञान. उंची साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत.
- पातळ, पिना मारलेली पुस्तके आणि मासिके: सोळा-चोवीस पानांची चित्रपुस्तके, ‘किशोर’चे अंक. यांना कणाच नसतो. उभी लावली की नाव दिसत नाही आणि मूल ओढून काढते ते पिनेसकट.
- जाड आणि जड: शब्दकोश, विश्वकोश, नकाशासंग्रह.

पहिल्या ढिगातली पुस्तके एका फुटात किती बसतात ते पट्टी लावून पाहा. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. समजा, फुटाला १४ बसली आणि पुस्तके १,८०० आहेत. म्हणजे १२९ फूट झाले. पण कप्पा गच्च भरायचा नसतो. तो दोन-तृतीयांश भरला की पुस्तक सहज निघते आणि नव्या खरेदीला जागा राहते. म्हणून १२९ ला दीडने गुणा: सुमारे १९४ फूट. तीन फुटी कप्पे धरले तर ६५ कप्पे. हा तुमचा मुख्य आकडा, तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

‘निम्मी पुस्तके तर मुलांच्या घरी असतात’ म्हणून यातून वजाबाकी करण्याचा मोह होतो. करू नका. परीक्षा संपल्यावर सगळी पुस्तके एकदम परत येतात आणि मे महिनाभर कपाटातच राहतात.

आणखी एक मोजमाप हवे, आणि ते जवळपास कोणीच घेत नाही. एक फूट जागेत बसणारी पुस्तके दोरीने बांधा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. साधी पुस्तके फुटाला ६ ते ९ किलो भरतात, कोशांचे खंड त्याहून जास्त. म्हणजे तीन फुटी भरलेला कप्पा २० ते ३० किलोंचा आणि चार कप्प्यांचा रॅक शंभर किलोंच्या आसपास. विक्रेत्याशी बोलताना हा आकडा हातात असला की ‘मजबूत आहे सर’ या उत्तरावर समाधान मानावे लागत नाही.

टप्पा २: मुलांची मोजणी

चार मुले बोलवा: सर्वांत खालच्या वर्गातले सर्वांत बुटके आणि सर्वांत उंच, सर्वांत वरच्या वर्गातलीही तशीच दोन. भिंतीवर खडूने प्रत्येकाच्या दोन खुणा करा. एक डोळ्यांच्या पातळीची, दुसरी टाचा न उचलता हात वर केल्यावर बोटे पोचतात तिथली. मग खुर्चीवर बसवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर घ्या.

वरच्या कप्प्याची फळी डोळ्यांच्या खुणेच्या फार वर नसावी, कारण हात पोचला तरी कण्यावरचे नाव वाचता आले पाहिजे. पहिली-चौथीसाठी वरची फळी तीन फुटांच्या आसपास थांबते, पाचवी-सातवीसाठी साडेतीन-पावणेचार फूट, आठवी-दहावीसाठी पाच फुटांच्या आत. हे आकडे फक्त अंदाजासाठी. निर्णय भिंतीवरच्या खुणेवरून घ्या.

ग्रंथालयाच्या तासाला एकावेळी किती मुले येतात हेही आत्ताच लिहा. वेळापत्रकात ‘ग्रंथालय’ असा तास असेल तर अख्खा वर्ग येतो, चाळीस, कधी साठ. फक्त मधल्या सुटीत ग्रंथालय उघडत असेल तर हिशेब वेगळा.

टप्पा ३: खोलीची मोजणी आणि जमिनीवरचा नकाशा

लांबी-रुंदी सगळेच घेतात. राहून जाते ते असे: खिडकीच्या कट्ट्याची जमिनीपासून उंची, दार आणि खिडक्यांची झडप कुठवर उघडते, स्विचबोर्ड आणि प्लग कुठे आहेत, पंखे कुठे लटकतात, भिंतीवर ओल कुठे आहे. शहाबादी फरशी असेल तर ती कुठे खचली आहे तेही पाहा. गळतीचे डाग उन्हाळ्यात फिकट दिसतात, म्हणून शिपाईमामांना विचारा. पावसात बादली कुठे ठेवावी लागते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

दाराची मोकळी रुंदी आणि जिन्याचे वळण मोजायला विसरू नका. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर असेल आणि सहा फुटी सलग टेबल मागवले असेल, तर ते जिन्यात अडकते आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाते.

आता टेप आणि खडू घेऊन जमिनीवरच नकाशा काढा. कागदावर सगळे मावते. जमिनीवर काढले की खरे कळते. भिंतीलगत रॅकच्या चौकटी आखा, टेबलांच्या जागी वर्गातली बाके उलटसुलट ठेवून पाहा आणि पंधरा-वीस मुलांना त्यातून फिरू द्या.

आपल्या उदाहरणात ६५ कप्पे असे बसतात: खिडकी नसलेल्या २५ फुटी भिंतीला चार कप्प्यांचे ७ रॅक (२८ कप्पे), मागच्या २० फुटी भिंतीला, कोपरे मोकळे सोडून, मोठ्या मुलांसाठी पाच कप्प्यांचे ५ रॅक (२५ कप्पे), खिडक्यांच्या भिंतीला कट्ट्याखाली दोन कप्प्यांचे ७ बुटके रॅक (१४ कप्पे). झाले ६७. चौथ्या भिंतीला दार, ग्रंथपालाचे टेबल आणि दर्शनी मांडणी. मधली सगळी जागा बसायला मोकळी. खोलीच्या मध्यभागी उंच रॅकची रांग लावू नका. तिच्या मागचे काही दिसत नाही आणि खेळताना धक्का बसतो तो तिलाच.

तपासा: दोन रॅकमधली किंवा रॅक आणि टेबलामधली वाट किमान तीन फूट आहे का? मुले जिथे खाली बसून पुस्तके चाळतील तिथे चार फूट आहे का? चाकाची खुर्ची दारातून आत येऊन वळू शकते का? वळण्यासाठी साधारण १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. शाळेत आज असे मूल नसेल, पण पुढच्या जूनमध्ये येईल.

टप्पा ४: रॅक निवडणे

सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

खोली, म्हणजे पुढून मागचे माप. साध्या पुस्तकाला ८ ते १० इंच पुरतात, कोशांना १२. बाजारात तयार मिळणारे लोखंडी रॅक १५ किंवा १८ इंच खोल असतात. ते गोदामासाठी आणि कार्यालयातल्या फायलींसाठी बनलेले असतात. त्यात पुस्तकांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग कोणाला कधीच दिसत नाही. ‘जास्त मावतात’ हे त्याचे समर्थन ऐकू नका.

रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको. लांब फळी स्वस्त पडते खरी, पण दोन वर्षांत मधोमध झोळ येतो. प्लायवुडची फळी घेणार असाल तर १८-१९ मिलिमीटर जाडीलाही अडीच फुटांवर थांबा किंवा पुढच्या कडेला उभी पट्टी मारून घ्या.

कप्प्यांची उंची बदलता आली पाहिजे. वेल्डिंगने कायमच्या जोडलेल्या फळ्यांचा रॅक घेऊ नका. उभ्या पट्टीला छिद्रे आणि नट-बोल्ट किंवा खुंट्या असलेला घ्या. साध्या पुस्तकांना ३० सेंटिमीटर मोकळी उंची लागते, मोठ्या चित्रपुस्तकांना ३५ ते ३८. सर्वांत खालची फळी जमिनीपासून चार-सहा इंच वर हवी: फरशी पुसताना पाणी लागत नाही, झाडू आत जातो आणि वाळवीची रेघ चढू लागली तर वेळेत दिसते.

फळीची पुढची कड आत दुमडलेली असली पाहिजे. दुकानात गेलात की तिच्यावरून बोट फिरवा, खालच्या बाजूनेही. पत्र्याची धार खालूनच लागते, आणि खालच्या कप्प्यात जाणारे हात सर्वांत लहान असतात. दोन्ही बाजू बंद नसतील तर पुस्तके अडवायला प्रत्येक कप्प्याला एक टेकू मागवा. हे टेकू कोटेशनमध्ये कोणी स्वतःहून धरत नाही आणि मग पुस्तके कायम तिरकी पडून त्यांची बांधणी सुटते.

पातळ पुस्तकांसाठी वेगळी सोय करावी लागते. भिंतीवर दोन-तीन इंच खोल, किंचित मागे कललेल्या पट्ट्या बसवा आणि पुढे अडवणारी कड ठेवा. पुस्तक त्यावर तोंड पुढे करून उभे राहते. तीन फुटी पट्टीवर मोठ्या आकाराची चार मुखपृष्ठे बसतात. चार पट्ट्यांवर सोळा. प्रत्येकामागे पाच-सहा पुस्तके ठेवली तर एका उभ्या मांडणीत ऐंशी ते शंभर पुस्तके सामावतात. दुसरा, स्वस्त मार्ग म्हणजे फूटभर उंचीचे उघडे लाकडी खोके. पुस्तके त्यात एकामागे एक उभी, मुले बोटाने पुढे लोटत बघतात. असा खोका गावातला सुतारही करून देतो. खालच्या वर्गांसाठी माझी पसंती याच खोक्यांना. तारेचे फिरते स्टँड मात्र नकोत, मुले त्यांना धरून गोल फिरतात.

सावधान: देणगीदार ‘एक छान शोकेस देतो’ म्हणाले, तर त्यांना तुमची मापे द्या. पाटी त्यांच्या नावाची लावा, पण माप तुमचे असू द्या. देणगीदार माजी विद्यार्थी असले की हे सांगायला संकोच वाटतो, पण मापाबाहेरचे फर्निचर हलवताना जो संकोच वाटतो तो याहून मोठा असतो.

टप्पा ५: कुलूप लावायचे की नाही

काचेच्या दाराची, कुलूपबंद कपाटे का घेतली जातात? पुस्तक हरवले तर ते आपल्या पगारातून भरावे लागेल, ही भीती. ती खोटी नाही, पण तिच्यावरचा उपाय कुलूप नव्हे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (नियम २१५) स्पष्ट म्हटले आहे की वर्षभरात दिलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी मानावे, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. एक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तकाची चौकशी मात्र करायचीच. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, आपल्या शाळेला ते थेट लागू होत नाहीत. पण शाळा व्यवस्थापन समितीत किंवा संस्थेच्या बैठकीत ठराव मांडताना हा आधार चांगला आहे. फर्निचर मागवण्याआधी असा ठराव करून घ्या आणि दरवर्षी पुस्तकांची मोजदाद करण्याचेही त्यातच लिहा. ठराव नसेल, तर उघडे रॅक आले तरी जून महिन्यात कोणीतरी त्यांना जाळी आणि कुलूप बसवून घेईल.

एक कुलूपबंद कपाट लागतेच: दुर्मीळ पुस्तके, महागडे कोश, नोंदवह्या, नव्याने आलेली न नोंदवलेली पुस्तके. एकच. खिडक्यांना गज आणि खोलीच्या दाराला चांगला कडी-कोयंडा असेल तर बाकीची पुस्तके रात्री उघड्या रॅकवर सुखरूप राहतात.

टप्पा ६: बसण्याची सोय

साठ मुलांना साठ खुर्च्या या खोलीत बसत नाहीत आणि बसवूही नयेत. अर्धा वर्ग टेबलांशी आणि अर्धा बस्करपट्टीवर किंवा सतरंजीवर, अशी विभागणी जमते. खाली बसणाऱ्यांसाठी फूटभर उंचीची बुटकी मेजे घ्या. मांडी घालून बसल्यावर गुडघे त्याखाली गेले पाहिजेत, म्हणून चौकटीची आडवी पट्टी खाली आलेली नको. ही मेजे एकात एक किंवा एकावर एक रचता आली तर गोष्टीच्या तासाला खोली मोकळी होते.

टेबल-खुर्चीची मापे वयानुसार बदलतात. बैठकीची आणि टेबलाची उंची, सेंटिमीटरमध्ये, साधारण अशी:

- पहिली-दुसरी: बैठक ३१, टेबल ५३
- तिसरी-चौथी: बैठक ३५, टेबल ५९
- पाचवी-सातवी: बैठक ३८, टेबल ६४
- आठवी-दहावी: बैठक ४३, टेबल ७१

टप्पा २ मध्ये घेतलेले गुडघ्यामागचे माप बैठकीच्या उंचीशी ताडून पाहा. मूल टेकून बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर खुर्ची उंच आहे. सगळ्या वर्गांसाठी एकच मोठे माप घेणे ही नेहमीची चूक. पाचवी ते दहावीला दोन मापे पुरतात आणि दोन रंगांत घेतली की मुलेच आपापली खुर्ची ओळखतात.

टेबल चार जणांचे, चार बाय दोन फुटांचे बरे. प्रत्येकाला दोन फूट कड मिळते. आठ-दहा जणांचे लांब टेबल भारदस्त दिसते, पण ते हलवता येत नाही आणि त्यावर कुजबुज वाढते. कोपरे गोल करून मागा. पायांना रबरी बूट हवेत: आवाजासाठीही आणि लोखंडी पाय ओल्या फरशीवर गंजू नयेत म्हणूनही. एखादे टेबल चाकाच्या खुर्चीसाठी ठेवा. त्याखाली ७० सेंटिमीटर मोकळी उंची लागते आणि मध्ये आडवी पट्टी नको.

ग्रंथपालाच्या टेबलाबाबत दोनच गोष्टी. ते दाराजवळ असावे आणि तिथून सगळे रॅक दिसावेत. आणि टेबल ठरवण्याआधी दाखलनोंदवही त्यावर उघडून ठेवून पाहा. ती उघडल्यावर केवढी जागा अडते आणि मिटून कोणत्या खणात जाते, हे कॅटलॉगमध्ये लिहिलेले नसते.

टप्पा ७: लोखंड की लाकूड

कोकणात आणि घाटमाथ्यावर दमट हवेत प्रीलॅमिनेटेड पार्टिकल बोर्ड (भुसा दाबून केलेली, वर चकचकीत कागद चिकटवलेली फळी) घेऊच नका. फरशी पुसल्याचे पाणी खालून शोषून ते फुगते आणि स्क्रू सैल होतात. लाकडी करायचे असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचे (मरीन) प्लायवुड मागा; महाग आहे, पण ओल सोसते. कडा पट्टीने बंद करून घ्या, वाळवी आणि पाणी उघड्या कडेतूनच आत शिरते.

लोखंडी रॅकमध्ये पत्र्याची जाडी हा कळीचा मुद्दा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे समितीतल्या सर्वांना एकदा समजावून सांगा. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९, २२ गेज ०.७. उभ्या पट्ट्या १८ गेजच्या आणि फळ्या २० गेजच्या असाव्यात. २२ गेजच्या तीन फुटी फळीवर पुस्तके टिकत नाहीत, ती फळी वाकते. कोटेशनमध्ये गेज न लिहिता ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले असेल तर ते परत पाठवा. ब्रशने मारलेल्या रंगापेक्षा पावडर कोटिंग टिकते. किनाऱ्यालगतच्या शाळांनी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पत्र्यावर कोटिंग मागावे.

टप्पा ८: दरपत्रके मागवणे

तीन दरपत्रके आणायची म्हणून आणली जातात, पण प्रत्येकात वस्तूच वेगळी असते. मग तुलनात्मक तक्त्याला अर्थ राहत नाही. तुमचे तपशीलपत्रक तुम्ही लिहा आणि तिघांनाही तेच द्या. त्यात हे असू द्या: तिन्ही मापे, कप्प्यांची संख्या, उंची बदलण्याची सोय, उभ्या पट्टीचे आणि फळीचे गेज वेगवेगळे, प्रत्येक कप्प्याने पेलायचे वजन (तीन फुटाला ४० किलो लिहा), रंग, रबरी बूट, टेकू आणि एका रॅकचे एकूण वजन.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. पत्रा पातळ वापरला की रॅक हलका होतो: त्याच मापाची फळी २० ऐवजी २२ गेजची असेल तर वजन पाचव्या हिश्शाहून अधिक घटते. रंगाखालचा पत्रा मोजायला उपकरण लागते, वजनाला मात्र साधा काटा पुरतो.

दरात जीएसटी, वाहतूक, हमाली, वरच्या मजल्यावर चढवणे, जोडणी आणि भिंतीला बांधणे धरले आहे का, हे एकेक करून विचारा. ‘माल शाळेपोच’ याचा अर्थ पुष्कळदा ‘फाटकापर्यंत’ असतो. खरेदी जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करणार असाल तरी हेच पत्रक उपयोगी पडते; पोर्टलवरच्या चित्रावर जाऊ नका, खालचे तपशील वाचा.

सावधान: मार्चअखेरच्या घाईत नमुना न बघता आदेश देऊ नका. निधी खर्ची टाकायची घाई असते हे मान्य, पण त्यासाठी हे आठ टप्पे डिसेंबरपर्यंत उरकून ठेवावे लागतात. आदेशात एक वाक्य घाला: एक रॅक आणि एक टेबल-खुर्ची नमुना म्हणून आधी येईल, शाळेने लेखी मंजुरी दिल्यावरच उरलेला माल तयार होईल.

टप्पा ९: नमुन्याची आणि मालाची तपासणी

नमुना रॅक आला की एका फळीवर तुमचीच जड पुस्तके गच्च भरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फळीच्या पुढच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरा. मधोमध फळी सुतळीपासून चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त खाली गेली असेल तर नमुना नाकारा. मग रिकामा रॅक हाताने बाजूला हलवून पाहा. डुगडुगत असेल तर मागे तिरप्या पट्ट्या मागा. खुर्चीत सर्वांत दांडग्या मुलाला बसवून मागच्या दोन पायांवर झुलू द्या, एरवी तो तेच करणार आहे.

पूर्ण माल आल्यावर पाचातला एक नग वजन करून नमुन्याशी ताडा. खुणा, पोचे, न रंगलेले वेल्डिंग, कमी नट-बोल्ट हे चलनावरच लिहून चालकाची सही घ्या. जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) नोंद आणि प्रत्येक नगावर क्रमांक घातल्याशिवाय देयक मंजूर करू नका. भिंतीला बांधून होईपर्यंत रकमेचा काही भाग राखून ठेवा, नाहीतर त्या कामाला कोणी फिरकत नाही.

टप्पा १०: जोडणी आणि पहिला महिना

चार फुटांवरचा प्रत्येक रॅक भिंतीला अँकर फास्टनरने (भिंतीत भोक पाडून घट्ट बसणारा बोल्ट) बांधा. लहान मुले कप्प्यांना शिडी समजून चढतात, आणि शंभर किलोंचा रॅक अंगावर आला तर ओढून काढायला दोन माणसे लागतात. कोयना, किल्लारी आणि २०१८ पासून धक्के सोसणारा डहाणू-पालघरचा पट्टा, इथल्या शाळांना तर हे वेगळे सांगायला नको. भिंत ओलसर असेल तर रॅक आणि भिंतीत दोन-तीन इंचांची फट ठेवून लोखंडी पट्टीने बांधा. मातीच्या किंवा पोकळ विटांच्या भिंतीत फास्टनर धरत नाही. तिथे शेजारचे रॅक एकमेकांना बोल्टने जोडा आणि उंची चार फुटांतच ठेवा.

फरशी उंचसखल असेल तर पायाखालचे स्क्रू फिरवून रॅक पाणसळीत आणा. पुठ्ठ्याचे तुकडे कोंबू नका, पहिल्या पोछ्यात ते लगदा होतात. पुस्तके लावताना जड खंड खाली, आणि प्रत्येक कप्प्याच्या उजवीकडे एक-तृतीयांश जागा मोकळी.

महिनाभराने तीन गोष्टी बघा. कोणत्या कप्प्यावर धूळ साचली आहे, म्हणजे तिथे हात पोचत नाही किंवा उजेड नाही. मुले खरोखर कुठे बसतात. टेबले रिकामी आणि खिडकीखालची जमीन भरलेली असेल तर एक टेबल वर्गात द्या आणि बस्करपट्टी वाढवा. आणि सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळा, कारण पुस्तकांचे वजन बसल्यावर ते सैल होतात. पहिला मोठा पाऊस झाला की भिंतीलगतच्या खालच्या कप्प्यात हात घालून ओल तपासा.

आदेशाची प्रत, तपशीलपत्रक, रंगाचा संकेतांक आणि उरलेल्या खुंट्या-बोल्टची पिशवी एकाच फायलीत, त्या कुलूपबंद कपाटात ठेवा. तीन वर्षांनी आणखी चार रॅक घ्यायचे ठरले की ग्रंथपालपदावर दुसरे कोणी असेल आणि विक्रेता पहिला प्रश्न छिद्रांमधल्या अंतराचा विचारेल.